अठ्ठाविसावा धडा

एरल गिद्रीला उर्मट म्हणायचं नाही, डेल्फीन. निदान माझ्या ओट्यावर बसून, माझीच कॉफी पिऊन तरी नाही.

तू त्याच्या दारी गंबोच्या रश्शाचं भांडं घेऊन गेलीस. त्यानं ते घेतलं, मान हलवली आणि दार लावून घेतलं. थँक्यू नाही, मेर्सी नाही, काही नाही. राग आला ना? येणारच. तुझ्या आईलाही आला होता, पाद्रीबाबांनाही आला होता. पण भांडं परत आलं की नाही? लख्ख घासून आलं, वर आत डझनभर अंडी. मग? तोंडानं बोलत नाही म्हणून माणसाला काही वाटतच नाही असं कुठं आहे?

बसा सगळे. तो दिवा मालवा आधी, डास येतायत. कुत्र्याला आत घ्या कुणीतरी, नाहीतर मधेच भुंकेल. हं. आता तुमच्या नॉन्कचं, या म्हाताऱ्या काकाचं ऐका. हे सगळं माझ्यासमोर घडलेलं नाही, पण ज्याच्यावर गुदरलं त्यानं ते मला त्याच रात्री सांगितलं. आणि त्यातला शेवटचा तुकडा तर याच दारात घडला. डेल्फीन, तू जिथं पाय सोडून बसली आहेस ना, तिथंच.

एरलची आजी ओदाली. तुम्ही तिला पाहिलंय ते खाटेवर पडलेली. मी पाहिलंय ते तिच्या दारात गाड्यांची रांग लागायची तेव्हा. भाजलेल्याची आग उतरवायची ती. हात ठेवायची, पुटपुटायची, हळूच फुंकर घालायची, आणि सकाळपर्यंत फोड नाही की डाग नाही. एरल सहा वर्षांचा असताना झिंग्यांच्या उकळत्या पातेल्यात त्याचा हात कोपरापर्यंत गेला होता. बघा कधी तो हात. काही दिसतंय का? काही नाही.

तुम्ही शहरात शिकणारी पोरं, म्हणून सांगून ठेवतो. या कामाचे नियम असतात. दुखणाऱ्यानं स्वतः मागावं लागतं. पैसा द्यायचा नाही. आणि आभार मानायचे नाहीत. चुकूनसुद्धा नाही. आभार मानले की केलेलं सगळं पाण्यात, कारण काम तिचं नसतंच, वरच्याचं असतं. प्रार्थना फ्रेंचमधली. कागदावर लिहायची नाही, यंत्रात भरायची नाही. म्हाताऱ्यानं घरातल्याच तरुणाला तोंडानं द्यायची, आणि त्यानं कानानं घ्यायची. ओदालीच्या घरात ती पाच पिढ्या अशीच आली होती.

पण घ्यायला होतं कोण? तेव्हा आपल्या मुलखात घरोघरी फ्रेंच आणि शाळेत सक्तीची इंग्रजी. ओदाली सहा वर्षांची असताना शाळेत फ्रेंच बोलली, म्हणून तिला मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून बसवलं होतं. मलाही बसवलंय. अजून थंडीत गुडघे आठवण करून देतात. तेव्हाच तिनं ठरवलं, माझ्या पोरांच्या वाट्याला हे नको. मग पोरांशी इंग्रजी, नातवाशी इंग्रजी. फ्रेंच फक्त नवऱ्याशी, शेजाऱ्यांशी आणि कोंबड्यांशी. आमच्या गावच्या कोंबड्यांना एरलपेक्षा जास्त फ्रेंच येत होती!

हसा, हसा. त्याला आम्ही हे तोंडावर म्हणायचो.

मग गेल्या वर्षी फेब्रुवारीत ओदालीला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय वाचले. इंग्रजी गेली. चौऱ्याऐंशी वर्षं बोललेली भाषा एका रात्रीत पुसली गेली आणि फ्रेंच तेवढी राहिली. दिवसा एक बाई यायची तिच्या देखभालीला, चांगली होती बिचारी, पण ओदालीनं खिडकी उघड म्हटलं की ती अंगावर आणखी एक पांघरूण घालायची. ओदाली हाक मारून मारून दमायची आणि मग भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. स्वतःच्या घरात परकी झाली हो ती. मला बघवायचं नाही.

मी रोज जायचो. फ्रेंच बोलणारे आता आम्ही उरलोय किती! मला बघितलं की ती एकच विचारायची, "एरल कुठंय? त्याला द्यायचंय."

मी म्हणायचो, "मला सांग, मी त्याला सांगतो."

"तुला?" ती म्हणायची. "तू माझ्या घरातला नाहीस, आणि तरुण तर मुळीच नाहीस, युलिस."

तर एरल. ओदालीच्या घरातला उरलेला एकटाच. वय सेहेचाळीस, बायको कधीच सोडून गेलेली, मूलबाळ नाही. दर्यातल्या तेलाच्या रिगवर वेल्डर. चौदा दिवस पाण्यावर, चौदा दिवस घरी. धक्क्यापासून गावापर्यंत दीड तासाचा रस्ता, दलदलीतून, फोनला रेंज नाही. घरी असला तरी रोज सामानासाठी, दुरुस्तीसाठी तोच रस्ता. ट्रक जुनाट, पण त्यात सीडी वाजायची. एक दिवस तो तालुक्याच्या लायब्ररीत गेला आणि फ्रेंच शिकायच्या सीड्यांचा डबा मागितला. तीस धडे.

काउंटरवरची पोरगी म्हणाली, "पॅरिसला चाललात की काय, मिस्टर गिद्री?"

"नाही," एरल म्हणाला. "आजीकडं."

त्या सीड्या अशा होत्या. एक बाई बोलायची, तिकडच्या पॅरिसची, जिभेला इस्त्री केल्यासारखी. ती एक वाक्य म्हणणार. मग गप्प. चार सेकंद. त्या चार सेकंदांत आपण म्हणायचं. मग ती तेच पुन्हा म्हणणार, म्हणजे आपलं कुठं चुकलं ते कळतं. आणि कुणी वाट दाखवो, कुणी मीठ देवो, प्रत्येक संभाषणाच्या शेवटी ती म्हणणार, 'आता त्यांचे आभार माना.' चार सेकंद. मेर्सी. महिनाभरात एरलच्या जिभेला ते असं बसलं की विचारू नका. पेट्रोल पंपावर मेर्सी. रिगवर कुणी हातोडा दिला, मेर्सी. कुत्र्यानं चप्पल आणून दिली तरी मेर्सी!

पहिल्यांदा तो आजीसमोर फ्रेंच बोलला तेव्हा मी तिथं होतो. खाटेजवळ खुर्ची ओढली, टोपी काढली, घसा साफ केला. आणि जे पाठ होतं तेच बाहेर पडलं. "बाईसाहेब, दोन माणसांसाठी खिडकीजवळचं टेबल मिळेल का?"

ओदालीनं त्याच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. आणि मग अशी हसली, अशी हसली, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"मिळेल," ती म्हणाली. "पण कॉफी तुलाच करावी लागेल."

त्याला कळलं. त्याला कळलं हे तिला कळलं. मी उठून कॉफी करायला गेलो, कारण मला तिथं बसवेना.

तेव्हापासून घरी असला की रोज. तो बोलणार, चुकणार, आणि ओदाली जीभ टाळूला लावून आवाज काढणार. च्च. एकदाच. तोंडातल्या तोंडात. मग तो पुन्हा म्हणायचा, बरोबर येईपर्यंत. कधी तिला डिवचायला मुद्दाम चुकायचा, तर ते तिला बरोबर समजायचं. मग दोनदा. च्च, च्च. "गाढवा, ढोंग करतोस!" पॅरिसच्या बाईवर तर तिचा भारी राग. म्हणायची, "ही सारखं हॉटेल कुठंय विचारते. हिला घर नाही का?"

जुलैत त्याचा हात भाजला. रिगवरचा तापलेला पाइप लागला. धक्क्यावर उतरला तो थेट आजीकडं आला आणि फ्रेंचमध्ये म्हणाला, "मेमेर, आग उतरव." तुम्हाला सांगतो, तीस धड्यांत कुठं नव्हतं ते वाक्य. त्याचं त्यानं जुळवलं होतं. तिनं हात ठेवला, पुटपुटली, फुंकर घातली. एरलचा चेहरा हळूहळू सैल झाला. आणि सवयीनं तोंड उघडलं, "मेर..."

खाड्कन तिचा हात त्याच्या तोंडावर! झटका आलेली बाई, पण काय चपळ! ओदालीचा हात चिमणीएवढा, आणि करंगळी वाकडी. लहानपणी दारात चिरडली होती ती, आकड्यासारखी वळलेली. ती त्याच्या हनुवटीखाली टोचली.

"एकदा आभार मानलेस की संपलं," ती म्हणाली. "सगळं जातं. कळलं?"

त्यानं हाताखालूनच मान हलवली. आम्ही तिघंही हसलो. तेव्हा हसायला येत होतं.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी ती म्हणाली, "एरल, दार लाव. आज देते. मी म्हणते, तू माझ्यामागून म्हण."

एरल म्हणाला, "मेमेर, अजून पाच धडे राहिलेत. तेवढे होऊ देत. तुझी प्रार्थना मी मोडक्या तोंडानं नाही म्हणणार."

"अरे, मला दिली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मला तरी कुठं सगळी कळत होती? म्हण म्हणजे झालं."

"नको. नीट शिकतो, मग घेतो. एकही च्च न येता घेतो. बघ तू."

ती माझ्याकडं वळली. "युलिस, सांग ना या गाढवाला."

आणि मी काय सांगावं? मी म्हणालो, "करू दे की पुरे. पोरगं एवढं मनापासून करतंय." माझी जीभ झडली असती त्या वेळी तर बरं झालं असतं. त्यानं माझं ऐकलं. आणि तिनं डोळे मिटून घेतले.

सप्टेंबरच्या तेवीस तारखेला ती गेली. एरल दर्यात. सत्तावीस धडे झालेले. पहाटे मी एकटा तिच्याजवळ होतो. तिला काही दिसत नव्हतं. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "एरल, माझ्यामागून म्हण."

मी काय करायला हवं होतं, सांगा? ती प्रार्थना माझ्या कानांसाठी नव्हती. मी तिचा हात सोडवला आणि बाहेर ओट्यावर गेलो, दार ओढून घेतलं. आतून आवाज येत होता. शब्द नाही, नुसता आवाज. ती म्हणत होती... आणि थांबत होती. म्हणत होती... आणि थांबत होती. मागून म्हणणारं कुणी नव्हतं. असं बराच वेळ चाललं. मग ती थांबली ती थांबलीच.

हे मी एरलला सांगितलं. न सांगून चाललं नसतं. तो टोपी हातात फिरवत राहिला.

आता ती रात्र. ऑक्टोबरची तीस तारीख, गुरुवार. एक नोव्हेंबरच्या, संतांच्या सणाच्या आत आपापल्या माणसांची थडगी चुन्यानं पांढरी झाली पाहिजेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. बाकी गावानं रविवारीच उरकलं होतं. एरलची बोट त्या दिवशी चार तास उशिरा धक्क्याला लागली. त्यानं चुन्याची पिशवी घेतली, कुंचला घेतला, मेणबत्त्या घेतल्या आणि निघाला. कबरस्तानात पोचला तेव्हा साडेआठ झाले होते. अर्धा चंद्र होता. बायूचं, त्या दलदलीतल्या ओढ्याचं पाणी मागं अगदी स्थिर. सगळी थडगी पांढरीधोप, ओळीनं, आणि मधे ओदालीचं तेवढं करडं, नव्या सिमेंटचं. त्याला लाज वाटली.

ट्रकचं तोंड त्यानं थडग्याकडं केलं, हेडलाइट चालू ठेवले, इंजिन चालू, दार उघडं. बादलीत चुना कालवला. कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवले, कारण चुना हात खातो. आणि सीडी लावली. अठ्ठाविसावा धडा. डबा शनिवारी परत करायचा होता, तीन धडे राहिले होते. आता कुणासाठी ऐकायचे? पण तिच्याजवळ बसून पुरे करावेत, असं वाटलं त्याला. कबूल केलं होतं ना.

धडा होता पाहुण्यांनी निरोप घेताना काय म्हणायचं त्याचा. एरल कुंचला मारत होता आणि त्या चार-चार सेकंदांत म्हणत होता. मोठ्यानं. ऐकायला होतंच कोण?

नऊ वाजून वीस मिनिटं. ट्रकमधल्या घड्याळात त्यानं नुकतंच पाहिलं होतं.

बाई म्हणाली, 'उशीर झाला, आता निघायला हवं.'

एरल म्हणाला.

च्च.

त्याला वाटलं, कुंचल्याचा आवाज. कुंचला बादलीत बुडवला, निथळला.

'रस्ता अंधाराचा आहे,' बाई म्हणाली.

एरल म्हणाला.

च्च.

कुंचला थांबला. चुना थडग्याच्या भिंतीवरून ओघळत खाली आला. तो बघत राहिला. पाण्यात काही हललं नाही. झाडावर काही हललं नाही.

'पुन्हा लवकरच भेटू,' बाई म्हणाली.

या वेळी एरल मुद्दाम चुकला. ढळढळीत चुकला.

च्च... च्च.

तो हसला, पोरांनो. कबरस्तानात, रात्री, एकटा, मोठ्यानं हसला. मग ओल्या चुन्याजवळ खाली बसला तो.

"मेमेर?"

काही नाही.

"मेमेर... माझं चुकलं. तू म्हणाली होतीस तेव्हाच..."

काही नाही. ट्रकमधून बाई म्हणाली, 'आता माझ्यामागून म्हणा.'

आणि थांबली.

चार सेकंद झाले. बाई बोलेना. दहा झाले. इंजिन चालू होतं, मागून धूर निघताना त्याला दिसत होता. पण आवाज नव्हता. कसलाच नव्हता. बेडूक नाहीत. किडे नाहीत.

मग...

ट्रकमधून नाही. भिंतीच्या बाजूनं. अगदी कानाशी. हळू.

एक ओळ.

आणि थांबली.

एरलनं ती म्हटली.

...

दुसरी ओळ.

थांबली.

त्यानं म्हटली.

सात ओळी होत्या. एवढंच त्यानं मला सांगितलं. एकेक शब्द कळत होता त्याला. प्रत्येक. हेच तर हवं होतं त्याला, नाही का? सात झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून. ती म्हणायची... थांबायची. तो म्हणायचा. तिसऱ्या खेपेला ती गप्प राहिली आणि तो एकटा म्हणाला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती ऐकत होती. ऐकतेय हे त्याला कळत होतं.

एकदाही च्च नाही.

एकदाही नाही, डेल्फीन.

तो मला म्हणाला, "नॉन्क, एवढा सुखी मी आयुष्यात कधी नव्हतो." गालांवरून पाणी वाहत होतं, हातमोजे चुन्यानं भरलेले, पुसताही येईना. आठ महिने. रोजचा तो दीड तास. पाच पिढ्या. सगळं आता त्याच्याजवळ होतं.

आणि तेवढ्यात ट्रकमधली बाई बोलली.

'आता त्यांचे आभार माना.'

चार सेकंद.

...

आठ महिन्यांची सवय, पोरांनो. आणि मन असं काठोकाठ भरलेलं. तुम्हीच सांगा, दुसरं काय येणार होतं तोंडातून?

"मेर्सी, मेमेर."

...

'फार छान,' बाई म्हणाली. 'पुन्हा एकदा.'

चार सेकंद.

काही नाही.

बेडूक ओरडायला लागले. इंजिनाचा आवाज आला. कानाशी कुणी नव्हतं. कुणी नसणं म्हणजे काय ते त्याला तेव्हा कळलं, कारण आधी कुणीतरी होतं.

मग त्याला आठवलं. जुलैत तिनं बजावलं होतं ते. त्यानं घाईघाईनं पहिली ओळ म्हणायला तोंड उघडलं. पहिला शब्द... आठवेना. दुसरी ओळ. आठवेना. सातवी तरी? नाही. फक्त तिचा हळू स्वर आठवत होता आणि थांबणं आठवत होतं. त्यानं सीडी मागं घेतली. 'आता माझ्यामागून म्हणा.' चार सेकंद. नुसती खरखर. पुन्हा मागं घेतली. पुन्हा. अकरा वेळा ऐकलं त्यानं. बाराव्या वेळी ट्रक बंद पडला, आणि अंधार झाला.

माझं घर तिथून सगळ्यात जवळ. बारा वाजायला वीस मिनिटं होती, दार वाजलं. मी दिवा न लावताच उघडलं. दारात काळी आकृती. आवाजावरून ओळखलं मी. त्यानं हे सगळं मला सांगितलं, उभ्या उभ्या, अंधारात. फ्रेंचमध्ये. आणि ती हॉटेलवाली फ्रेंच नव्हती. आमची होती. ओदालीची होती. तिच्यासारखेच शब्द गिळत, तिच्यासारखाच शेवट ओढत. सगळं देऊन गेली त्याला, ती प्रार्थना सोडून.

"नॉन्क," तो म्हणाला, "मी काय केलं हे?"

मी रडत होतो. ऑगस्टमधली ती संध्याकाळ माझ्याही वाट्याची होती. मी भिंतीवर चाचपडून दिव्याचं बटण दाबलं.

आणि माझा हात बटणावरच राहिला.

त्याच्या तोंडावर हात होता.

पांढरा. चुन्याचा. उमटलेला.

तळवा बरोब्बर ओठांवर. बोटं उजव्या गालावर. त्याचे स्वतःचे पंजे फावड्याएवढे, आणि हातमोजे अजून तसेच चढवलेले. हा हात लहान होता. चिमणीएवढा. तीन बोटं सरळ...

करंगळी आकड्यासारखी वळून हनुवटीखाली गेलेली.

"एरल," मी म्हणालो, "तुझ्या तोंडाला कुणी हात लावला होता?"

"नाही."

मी त्याला खिडकीच्या काचेसमोर उभं केलं. त्यानं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. ती आली होती हो. उठून आली होती त्याला थांबवायला. एक श्वास उशिरा पोचली, एवढंच.

मी ओलं फडकं आणलं. चुना कातडी खातो, पुसायला हवा होता. त्यानं माझं मनगट धरलं आणि मानेनंच नको म्हणाला. मग इथं, या पायरीवर येऊन बसला. उजाडेपर्यंत बसून होता, तोंड मिटून. ओठ हलले तर तो हात मोडेल म्हणून.